गोऱ्यांच्या गाण्यातलं ‘आम्ही’

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



आज कवितेवर बोलत नाही. एका बँडवर बोलतो. मागचे दोघेतिघे हसले ते दिसलं मला. लग्नातला बँड नव्हे. गिटार, ड्रम, छातीत धडका देणारे स्पीकर, असला रॉक बँड. तोही गोऱ्यांचा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराचा. नाव मिडनाइट ऑइल. गोदीत माल उचलणाऱ्या मॅट्रिक पोराला ही नसती उठाठेव कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याला कारण सांगतो. ज्यांची जमीन आपल्या बापजाद्यांनी लुटली त्या लोकांबद्दल या गोऱ्या पोरांनी गाणी केली. ती जगभर वाजली. आणि पुढं त्यांचा गायक मंत्री झाला. म्हणजे आपल्याला रोज छळणारे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीत आले. दुसऱ्याचं दुःख गाणारा तू कोण? आणि रस्त्यावरचा माणूस खुर्चीत बसला की त्याच्या तोंडातली भाषा कुठं जाते? हेच प्रश्न आपल्याकडच्या माणसांवर विचारले की लगेच गट पडतात, नावं निघतात, खुर्च्या उडतात. लांबच्या माणसांवर विचारू. डोकं शाबूत राहील.

आधी तो देश. २६ जानेवारी ही तारीख आपल्याला घटनेमुळं माहीत. तिकडं २६ जानेवारी म्हणजे १७८८ साली इंग्रजांची कैद्यांनी भरलेली जहाजं सिडनीच्या खाडीत लागली तो दिवस. गोरे त्या दिवशी राष्ट्रीय सण करतात. आदिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. हजारो वर्षं लोक राहत होते, आणि इंग्रजांचा कायदा म्हणाला की ही जमीन कुणाचीच नव्हती. माणसं होती, पण माणसात मोजायची नव्हती. हा कायदेशीर खोटेपणा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला तो थेट १९९२ साली, माबो खटल्यात. दोनशे चार वर्षं!

१९७२ च्या २६ जानेवारीला चार आदिवासी तरुणांनी राजधानी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची एक छत्री रोवली आणि म्हणाले, ही आमची वकिलात. आपल्याच देशात परके, म्हणून वकिलात. त्याच महिन्यात ब्रिस्बेनमध्ये तिथली ब्लॅक पँथर उभी राहिली. आणि मे महिन्यात मुंबईत काय उभं राहिलं ते या खोलीत सांगायला नको. दोन्हीकडच्या पोरांनी नाव उचललं ते अमेरिकेतल्या ओकलंडच्या काळ्या पोरांकडून.

त्याच १९७२ मध्ये सिडनीत रॉब हर्स्ट, जिम मोगिनी आणि अँड्र्यू जेम्स या पोरांनी एक बँड काढला. नाव ‘फार्म’. थोड्याच दिवसांत जाहिरात वाचून पीटर गॅरेट आला. सहा फुटांच्या वर उंची, पुढं डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि नाचणं असं की अंगात विजेची तार शिरलीय. शिक्षण वकिलीचं. १९७६ ला टोपीत चिठ्ठ्या टाकून नवीन नाव काढलं, मिडनाइट ऑइल. मार्टिन रॉट्सी दुसरी गिटार घेऊन आला. बाकी सगळी मध्यमवर्गीय गोरी पोरं. ऐकणारे म्हणजे दारूच्या गुत्त्यात घामाघूम होणारी, दिवसा लाटांवर फळी घेऊन खेळणारी पोरं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्यापासून केली. पहिली तबकडी १९७८ ला स्वतःच्या लेबलवर काढली. तिथल्या टीव्हीवर ‘काउंटडाउन’ नावाचा गाण्यांचा कार्यक्रम होता. त्यात तोंड दाखवल्याशिवाय कुणी मोठा होत नाही असा समज. हे गेले नाहीत. प्रस्थापितांच्या ओसरीवर बसून बंडाची गाणी गायची नाहीत, एवढं त्यांना कळलं होतं. आपण या मासिकाचा कागद कसा जमवतो ते आठवा, म्हणजे हे किती अवघड ते कळेल. पुढं मोठ्या कंपनीशी करार केलाच. पण तोवर ऐकणारे स्वतःच्या जोरावर जमवले होते.

ऐंशीच्या सुरुवातीला त्यांचा विषय होता अणुबाँब, आणि ऑस्ट्रेलियातले अमेरिकन लष्करी तळ. १९८२ ची तबकडी लंडनला केली, तिचं नावच दहापासून एकपर्यंतची उलटी मोजणी. १९८४ च्या तबकडीवर बाँब पडून उद्ध्वस्त झालेल्या सिडनी बंदराचं चित्र, एका जपानी चित्रकारानं केलेलं. त्याच डिसेंबरात गॅरेट अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे सिनेटला उभा राहिला आणि थोडक्यात पडला. मजूर पक्षानं आपली दुय्यम मतं त्याच्या विरोधात वळवली होती. हे लक्षात ठेवा. हाच मजूर पक्ष पुढं येणार आहे.

आता मुद्द्यावर येतो.

१९८५ च्या २६ ऑक्टोबरला उलुरू, म्हणजे वाळवंटातला तो लाल प्रचंड खडक, सरकारनं आनंगू लोकांना परत केला. परत म्हणजे कसा? हातात मालकीचा कागद दिला, आणि त्याच दिवशी नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सरकारनं राष्ट्रीय उद्यान म्हणून तो परत घेतला. सातबारा तुमचा, ताबा आमचा. या प्रसंगाच्या फिल्मसाठी मिडनाइट ऑइलला गाणं करायला सांगितलं. त्यांनी केलं ‘द डेड हार्ट’.

रात्रपाळीवरून आलो की ही गाणी मी मराठीत उतरवायला बसायचो. छापायला नाही, माझी मला कळावीत म्हणून. या गाण्यात अडलो ते एका शब्दावर. इंग्रजीत ‘वी’. एवढासा शब्द. आपल्याकडं त्याला दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. गावात पाटील ‘आपलं गाव’ म्हणतो तेव्हा त्या ‘आपल्या’त महारवाडा असतो का? मतं मागताना असतो, विहिरीवर नसतो. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. म्हणून इंग्रजीत लबाडी सोपी. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू भाषांत मात्र आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द आहेत. ज्याला कुंपणाबाहेर ठेवतात त्याला हा भेद भाषेत लागतोच, असं मी म्हणणार नाही, भाषाशास्त्र मला येत नाही. पण मला बरं वाटलं.

तर ‘द डेड हार्ट’मधलं ‘वी’ मराठीत ‘आम्ही’च होतं. आणि ते ‘आम्ही’ आदिवासींचं आहे. गोरा गायक, वकिलीची पदवी, आणि तो वाळवंटातल्या माणसाच्या तोंडानं ‘आम्ही’ म्हणतो. आपल्याकडं सहानुभूतीचं साहित्य आणि स्वानुभवाचं साहित्य यावर किती शाई सांडली! कथेत झोपडी लिहायची आणि संध्याकाळी सदाशिव पेठेत जेवायला जायचं, त्यांच्यावर आपल्या आधीच्या पिढीनं शिव्यांचा पाऊस पाडला. मग याला सोडायचं का? गाणं चांगलं आहे. आदिवासींच्या लढ्यात ते वापरलं गेलं. तरी मला ते उसन्या सदऱ्यासारखं वाटतं. माप बसतं, पण सदरा त्याचा नाही.

पुढच्या वर्षी जे झालं ते मात्र ऐका. १९८६ च्या जुलैत हे लोक वाळवंटात गेले, वारंपी बँडबरोबर. वारंपी हा खरा आपल्या जातकुळीचा बँड. १९८० ला पापुन्या वस्तीत निघाला. सॅमी आणि गॉर्डन बुचर हे भाऊ, नील मरे हा एक गोरा पोरगा, आणि गायक उत्तरेकडच्या एल्को बेटावरचा. तिकडं माणूस वारला की त्याचं नाव घेणं टाळतात, म्हणून मी नुसतं आडनाव घेतो. बुरारवांगा. १९८३ ला त्यांनी ‘जायलानगुरू पाकार्नू’ हे गाणं लुरिचा भाषेत काढलं. आदिवासी भाषेतली ती पहिली रॉक तबकडी. विषय काय? तुरुंगातून सुटलेला माणूस. कविता शिकवणाऱ्या मास्तरांनी याची नोंद घ्यावी. पहिल्याच गाण्यात तुरुंग येतो, चांदणं येत नाही.

पापुन्या काय आहे? साठीच्या दशकात इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन सरकार वाळवंटावरून ‘ब्लू स्ट्रीक’ रॉकेटच्या चाचण्या घेत होते. रॉकेटच्या वाटेत माणसं नकोत. पिंटुपी लोकांना गाड्यांत घालून आणून टाकलं पापुन्यासारख्या वस्त्यांत, ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला. दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या भाषेत, शिध्याच्या रांगेत. माणसं मेली, दारूत गेली. १९८१ ला त्यातले पुष्कळ उठले आणि सरळ पश्चिमेला आपल्या जमिनीकडं चालते झाले. किन्टोर ही वस्ती त्यातून झाली. अर्ज केला नाही, मोर्चा नेला नाही. उठले आणि गेले.

तर मिडनाइट ऑइल या वस्त्यांत गेलं. परवानगी काढून जावं लागतं, कारण जमीन आदिवासींच्या नावावर. कुठं जायचं, कुठं नाही, कशाचा फोटो काढायचा नाही, सगळे नियम त्यांचे. शहरात हे मोठे तारे. इथं धुळीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका आणि पोरं, आणि ती ओळखणार वारंपीला. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या अंगणात पाहुणे होते. मला वाटतं त्यांचं खरं शिक्षण इथं झालं. विद्यापीठात नाही.

तिथून आल्यावर १९८७ ला आली ‘डीझेल अँड डस्ट’ ही तबकडी, आणि तिच्यात ‘बेड्स आर बर्निंग’. पिंटुपींच्या त्या परतण्याचं गाणं. आणि आता बघा, पुन्हा ‘वी’. पण या खेपेला मराठीत ‘आम्ही’ बसेना. ‘आपण’च बसतं. गोरा गोऱ्यांना म्हणतोय. नाचणारे आपण, झोपणारे आपण, आणि ज्या जमिनीवर झोपलोय ती आपली नाही. थकलेलं भाडं भरा, ही घोषणा आदिवासी चळवळीची जुनीच. ती त्यानं आपल्या लोकांच्या कानात ओरडून घातली. दुसऱ्याच्या जखमेचा सदरा काढून ठेवला आणि स्वतःच्या जातीकडं तोंड केलं. मला हवं ते हेच आहे, मित्रहो. सवर्णानं माझ्या वस्तीत येऊन माझं दुःख मला गाऊन दाखवायची गरज नाही. ते मला पाठ आहे. त्यानं आपल्या आळीत जाऊन गावं. तिथं गाताना घाम फुटतो.

हे गाणं कॅनडात पहिल्या नंबरावर गेलं, न्यूझीलंडमध्ये गेलं, आणि वर्णभेद चालू असलेल्या दक्षिण आफ्रिकेतही गेलं. तिथं कोण कशावर नाचत होतं याचा विचार करा. रेडिओवर गाणं वाजतं तेव्हा ऐकणारा त्यातली टाचणी काढून ताल तेवढा ठेवतो. हा धोका सगळ्यांनाच. आपल्या जलशातल्या गाण्यांवरही आता मिरवणुकीत डीजे लावून काय चाललंय ते बघतोच आहोत.

पण एक हिशेब त्यांच्या बाजूनं मांडायला हवा. १९८८ ला अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा बरोबर योथू यिंडी हा आदिवासी बँड नेला आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चळवळीतला कवी जॉन ट्रुडेल याला नेलं. स्वतःच्या गर्दीपुढं त्यांना उभं केलं. माइक दिला. १९९० ची ‘ब्लू स्काय माइन’ विटनूमच्या खाणीवर. तिथं निळं ॲस्बेस्टॉस निघायचं. १९६६ ला खाण बंद झाली, पण छातीत गेलेली धूळ बंद होत नाही. २००० च्या वर माणसं त्यानं मेली. कामगार, त्यांच्या बायका, धुळीत खेळलेली पोरं. ॲस्बेस्टॉस म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या वस्तीत डोक्यावर सिमेंटचा पत्रा असतो ना, त्याच जातीचं. त्याच वर्षी अलास्कातल्या तेलगळतीबद्दल न्यूयॉर्कला एक्सॉन कंपनीच्या इमारतीसमोर उघड्या ट्रकवर उभं राहून भर दुपारी गायले. जहाजातून तेल सांडलं म्हणजे काय हे आम्हा गोदीवाल्यांना विचारा. वास आठ दिवस भाकरीलाही येतो.

१९९३ ला मात्र घसरले. ‘ट्रुगानिनी’ हे गाणं काढलं, टास्मानिया बेटावरच्या त्या बाईच्या नावाचं. ती १८७६ ला वारली. तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना बघायला टांगून ठेवला होता. तबकडीच्या वेष्टनावर यांनी छापलं की टास्मानियाच्या आदिवासींतली ती शेवटची. टास्मानियातले आदिवासी उसळले. शेवटची? मग आम्ही कोण? सरकारनं आमचा वंश संपला असं शंभर वर्षं सांगितलं, आता आमचे मित्रही तेच सांगणार? मित्राच्या तोंडून आलेलं खोटं जास्त लागतं. शत्रू मारतो, मित्र श्राद्ध घालून मोकळा होतो.

आणि २००० साल. सिडनी ऑलिंपिकचा समारोप, १ ऑक्टोबर. सगळं जग टीव्हीपुढं. आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून नेली, त्याबद्दल माफी मागायला पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार नव्हता. तो स्टेडियममध्ये बसलेला. मिडनाइट ऑइल आलं, वरचे कपडे काढले, आत काळे कपडे, त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: सॉरी. आणि ‘बेड्स आर बर्निंग’ गायले. त्याच रात्री योथू यिंडीनं करारनाम्याची मागणी करणारं आपलं गाणं गायलं. पंतप्रधानानं जो शब्द तोंडातून काढला नाही तो त्याच्यासमोर अंगावर घालून नाचले. अशी कविता मला एकदा जमली तर मी लिहिणं सोडीन.

इथं गोष्ट संपवता आली असती. संपत नाही.

२००२ च्या डिसेंबरात गॅरेटनं बँड सोडला. २००४ ला मजूर पक्षाचा खासदार. होय, तोच पक्ष. अमेरिकन तळांना विरोध करणं सोडून दिलं, पक्षाचं धोरण तेच आपलं धोरण म्हणाला. २००७ च्या शेवटी पर्यावरण, वारसा आणि कला खात्याचा मंत्री. २००९ च्या जुलैत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फोर माइल युरेनियम खाणीला मंजुरी दिली. युरेनियमविरुद्ध वीस वर्षं गायलेला माणूस! सही त्याची. ट्रॅव्हेस्टनचं धरण त्यानं नाकारलं, जपानच्या देवमासे मारण्याविरुद्ध खटला उभा करण्यात त्याचा हात होता, हेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल.

पण मला दोन गोष्टी गिळता येत नाहीत. एक, घरांच्या छतात उष्णतारोधक थर बसवायची त्याच्या खात्याची योजना. घाईत काढली. कंत्राटदार उगवले, पोरं कामाला लावली. चार कामगार मेले, तिघं विजेच्या धक्क्यानं, एक उन्हाच्या तडाख्यानं. सगळ्यात लहान सोळा वर्षांचा. गॅरेटनं पंतप्रधानाला धोक्याची पत्रं लिहिली होती. लिहिली असतील. पत्र हे मंत्र्याचं हत्यार आहे का? पत्रं आम्ही लिहितो, कारण आमच्या हातात दुसरं काही नसतं.

दुसरी त्याहून कडू. २००७ च्या जूनमध्ये हॉवर्ड सरकारनं नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांत लष्कर पाठवलं. मुलांवरच्या अत्याचाराचं कारण दिलं. वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. सरकारी मदतीच्या पैशातला अर्धा सरकारच्या ताब्यात, कशावर खर्च करायचा तेही सरकार सांगणार. ७३ वस्त्या. त्यात पापुन्या, त्यात युएन्डुमु, त्यात किन्टोर. मजूर पक्षानं पाठिंबा दिला, सत्तेवर आल्यावर तेच चालू ठेवलं, आणि गॅरेट त्या मंत्रिमंडळात होता. ज्या धुळीत तो १९८६ ला पाहुणा म्हणून बसला होता त्याच वस्त्या. इथं तिसरं ‘आम्ही’ आलं. शासनाचं ‘आम्ही’. ‘आम्ही मंजुरी देत आहोत’ यातलं. या ‘आम्ही’त माणूस नसतोच, शिक्का असतो.

त्याच जूनमध्ये वारंपीचा बुरारवांगा आपल्या एल्को बेटावर कर्करोगानं वारला. पन्नाशीचा होता. पन्नाशीत जाणं हे तिथल्या आदिवासीला नवं नाही, आपल्यालाही नाही. गॅरेट तेव्हा चौपन्नचा, आणि मंत्री व्हायला निघालेला.

म्हणून तो गद्दार का? आपल्याकडं हा शब्द फार स्वस्त आहे. माझं मत वेगळं आहे. बँडमध्ये असताना तो एकटा नव्हता. हर्स्ट होता, मोगिनी होता, वस्तीतली माणसं होती, चुकलं तर टास्मानियातून ओरडणारे होते. मंत्रिमंडळात त्याला ओरडून सांगणारं कुणी उरलं नाही. आवाज त्याचा होता, पण शब्द त्याला इतरांनी शिकवले होते, आणि शिकवणाऱ्यांना सोडून तो आत गेला. आत जाऊच नये असं मी म्हणत नाही. बाबासाहेब आत गेले होते. हिंदू कोड बिल अडवलं तेव्हा राजीनामा टाकून बाहेरही आले. बाहेर यायचं दार उघडं ठेवणं, तेवढं गॅरेटला जमलं नाही. २०१० ला खातं बदललं, शाळांचं दिलं. २०१३ ला राजकारण सोडलं.

मग २०१७ ला ते पुन्हा एकत्र आले, जगभर फिरले. त्याच वर्षी उलुरूला जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींनी जाहीरनामा काढला: घटनेत आमचा आवाज नोंदवा. २०२० च्या ‘मकराटा प्रोजेक्ट’ या तबकडीत तो जाहीरनामा वाचला आहे, आणि वाचणारे आदिवासीच. मकराटा हा योल्ङू शब्द, भांडणानंतर समोरासमोर बसून मिटवण्याचा. गाण्यांतही डॅन सुल्तान, जेसिका मॉबॉय, बन्ना लॉरी असे आदिवासी गायक, गॅरेट कडेला. बँडनं आपल्या वाट्याचे पैसे त्या कामाला दिले. तबकडी आली आणि आठवडाभरात त्यांचा बास वाजवणारा बोन्स हिलमन वारला. २०२२ च्या ३ ऑक्टोबरला सिडनीत शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे बंद केले.

आणि २०२३ च्या १४ ऑक्टोबरला त्या जाहीरनाम्यातल्या मागणीवर सार्वमत झालं. शंभरातल्या साठांनी ‘नाही’ म्हटलं. सहाच्या सहा राज्यांनी. ज्या देशानं ते गाणं पस्तीस वर्षं दारूच्या गुत्त्यात कोरस धरून म्हटलं, त्याच देशानं. शब्द पाठ होते सगळ्यांना.

गाण्यानं काय होतं, हे मला विचारू नका, मी कविता करतो, मला पक्षपात होईल. पण टेप आणली आहे. आधी वारंपीचं ‘जायलानगुरू पाकार्नू’ लावतो. भाषा तुम्हाला कळणार नाही, मलाही कळत नाही, तरी ते आधी. मिडनाइट ऑइल त्यानंतर. रमेश, दार लावून घे, खालचे लोक झोपलेत. आणि आवाज मोठा ठेव.